किती प्रश्न विचारले, आणि कोणता? मेंदूच्या नकाशांमागचं संख्याशास्त्र

मागच्या व्याख्यानात एफएमआरआयचं यंत्र नेमकं काय मोजतं ते आपण पाहिलं. रक्तातला ऑक्सिजन, त्यामुळे बदलणारा चुंबकीय संकेत आणि दर दोनेक सेकंदांनी टिपलेलं मेंदूचं एक घनचित्र, इथपर्यंत आलो होतो. आज यंत्रापासून कागदाकडे यायचं आहे. ‘मेंदूतलं प्रेमाचं केंद्र सापडलं’ अशा मथळ्याखाली ते लाल-पिवळे ठिपके छापून येतात ना, ते ठिपके कुठल्या गणितातून उमटतात आणि त्या गणितात खोट कुठे राहते, हा आजचा विषय. सूत्रं फार येणार नाहीत, पण आकडे येतील. कागद-पेन्सिल जवळ असली तर बरं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गेल्या तीसेक वर्षांत या क्षेत्रातली मंडळी ‘आपण किती प्रश्न विचारले’ हे मोजायला बऱ्यापैकी शिकली. ‘आपण कोणता प्रश्न विचारला’ हे सांगायची सवय मात्र अजून नीट लागलेली नाही. पहिल्या गोष्टीला दुरुस्ती म्हणतात. दुसरी गोष्ट उघडी पडते ती जोडणीत, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र करून एकच निष्कर्ष काढताना. दुरुस्तीवर वाद झाले, विनोद झाले, बक्षिसंसुद्धा मिळाली. जोडणीतली गल्लत त्या मानाने गुपचूप चालू राहिली, आणि आमच्या मते ती जास्त घातक आहे.

विनोदापासून सुरुवात करू. २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोत मेंदू-नकाशांच्या परिषदेत क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक पोस्टर लावलं. प्रयोगात सहभागी कोण? तर एक अटलांटिक सामन मासा. मेलेला. त्याला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रं दाखवली आणि चित्रातल्या माणसाला काय वाटत असेल ते ओळख, अशी सूचना केली. (हशा) सूचना खरोखर केली होती, बरं का. तर त्या मापनात ८,०६४ व्हॉक्सेल होते. व्हॉक्सेल म्हणजे घनचित्राचा एक कण, जसा साध्या चित्रात पिक्सेल असतो. त्यातल्या १६ व्हॉक्सेलमध्ये ‘लक्षणीय’ हालचाल दिसली. पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी!

पी-व्हॅल्यू म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट करून घेऊ. खरोखर काहीच घडत नसताना, निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा आकडा यायची शक्यता. ‘खरोखर काहीच घडत नसताना’ या अटीला शून्य गृहीतक म्हणतात. आज हा शब्द वारंवार येईल. आता हिशेब बघा. हजारात एक चूक चालेल असं ठरवलं आणि आठ हजार ठिकाणी विचारणा केली, तर आठेक ठिकाणी खोटा होकार येणारच. शेजारशेजारच्या व्हॉक्सेलमधला गोंगाट सारखा असतो, म्हणून हे होकार सुटे न येता पुंजक्याने येतात आणि त्यामुळे अधिकच खरे वाटतात. दुरुस्ती लावल्याबरोबर मासा पुन्हा मेला. २०१२ मध्ये या कामाला इग नोबेल मिळालं.

पोस्टर गाजलं ते योग्यच झालं. बेनेट आणि मंडळींनी २००८ मधले शोधनिबंध तपासले, तेव्हा विषयातल्या नावाजलेल्या नियतकालिकांत पाव ते चाळीस टक्के निबंधांनी कसलीच दुरुस्ती केलेली नव्हती. म्हणजे थट्टेला कारण होतं. तरीही या माशाबद्दल आमची एक तक्रार आहे. मेलेला मासा हे एकाच परिस्थितीचं उदाहरण आहे: सगळीकडे शून्य. जिवंत माणूस स्कॅनरमध्ये झोपला की मेंदूत काही ना काही घडतच असतं. डोळे पाहतात, कान यंत्राची खडखड ऐकतात, पाठीला खाज येते. तिथे ‘कुठेतरी काहीतरी आहे का’ हा प्रश्न निरर्थक आहे, कारण उत्तर आधीच ठाऊक आहे. खरा प्रश्न असतो तो ‘इथे आहे का’, ‘या तिन्ही प्रसंगी आहे का’, ‘या दोघांत सारखंच आहे का’ असा. मासा त्याबद्दल गप्प आहे. माशावरून लोक ‘दुरुस्ती करा’ एवढंच शिकले, आणि दुरुस्ती केली की सुटलो, असा समज रूढ झाला.

दुरुस्तीचे प्रकार झटपट पाहून घेऊ. सगळ्यात सोपी बॉनफेरोनीची: जितक्या चाचण्या, तितक्यांनी उंबरठा भागा. ०.०५ भागिले ८,०६४ म्हणजे साधारण ०.०००००६. चोख आहे, पण कडक आहे. शेजारी व्हॉक्सेल एकमेकांसारखे असतात याची ती दखल घेत नाही, त्यामुळे खरं असलेलंही बरंच काही गाळून टाकते. ही अडचण फक्त मेंदूवाल्यांची आहे असं समजू नका. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत ज्यांनी शिक्षण घेतलं त्यांना ‘पानसे-सुखात्मे’ आठवत असेल. वसंत पानसे आणि पांडुरंग सुखात्मे यांचं १९५४ चं ते पुस्तक शेतीतल्या प्रयोगांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. त्यातली सीडी, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, घेऊन ज्वारीच्या दहा वाणांची आपसांत तुलना करा. जोड्या होतात ४५. पाच टक्क्यांचा उंबरठा ठेवलात तर सगळे वाण अगदी सारखे असले तरी सरासरी दोनेक जोड्यांत ‘फरक’ निघेल. शेतात ४५ जोड्या, डोक्यात लाखभर व्हॉक्सेल. दुखणं तेच.

दुसरा मार्ग १९९५ साली बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी दिला, फॉल्स डिस्कव्हरी रेटचा. इथे वचनच वेगळं आहे. ‘एकही खोटा होकार येऊ देणार नाही’ असं न म्हणता ‘दिलेल्या होकारांत खोट्यांचा वाटा सरासरी पाच टक्क्यांहून जास्त नसेल’ असं म्हणायचं. व्यवहारात सोयीचं आहे, आणि म्हणूनच जपून वापरायला हवं. समजा, माणसाला चित्रं दाखवली आणि १,००० व्हॉक्सेल उजळले. त्यातले ९५० डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीच्या पट्ट्यात, शंभर टक्के खरे. उरलेले ५० इकडेतिकडे, सगळे खोटे. वचन तंतोतंत पाळलं गेलं! आता निबंध कशावर लिहिला जाईल? दृष्टीच्या पट्ट्यावर कोण लिहितं? चित्र पाहताना दृष्टीचा भाग चालतो, ही काही बातमी नाही. निबंध लिहिला जातो तो अमिग्डालाजवळच्या सहा व्हॉक्सेलवर, आणि खाली टीप येते: ‘एफडीआर दुरुस्ती केली आहे’. टीप खरी, निष्कर्ष पोकळ. वचन संपूर्ण यादीबद्दल होतं, दावा यादीतल्या एका कोपऱ्याबद्दल केला. इथे दुरुस्ती चुकलेली नाही. प्रश्न बदलला आहे, आणि तो बदलल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

तिसरा मार्ग पुंजक्यांचा. आधी एक ढिला उंबरठा लावून पुंजके पाडायचे, मग योगायोगाने इतका मोठा पुंजका पडेल का, ते तपासायचं. हा सगळ्यात लोकप्रिय झाला, आणि इथेच २०१६ साली मोठा धक्का बसला. एकलुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांनी ४९९ निरोगी माणसांची, काहीही काम न करता नुसती पडून असतानाची मापनं घेतली. त्यातली वीसेक माणसं उचलायची, घडलाच नाही असा प्रयोग घडला असं धरून विश्लेषण करायचं, आणि होकार किती येतात ते मोजायचं. असं त्यांनी जवळजवळ ३० लाख वेळा केलं. होकार यायला हवे होते पाच टक्के. एसपीएम, एफएसएल आणि ॲफनी या तिन्ही प्रचलित प्रणालींत पुंजक्यांच्या पद्धतीने काही मांडण्यांत ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. कारण गणितातल्या एका गृहीतात होतं. शेजारी व्हॉक्सेलमधलं साम्य अंतराबरोबर घंटेच्या आकाराने झपाट्याने ओसरतं असं धरलं होतं. प्रत्यक्षात ते रेंगाळतं. म्हणून मोठे पुंजके योगायोगानेही सहज पडतात. पहिला उंबरठा ०.०१ इतका ढिला असला की चूक मोठी, ०.००१ असला की बरीच कमी. शिवाय ॲफनीच्या एका साधनात पंधरा वर्षं राहून गेलेली चूकही या खटाटोपात सापडली.

आमच्या मते या विषयावरचं गेल्या दोन दशकांतलं हे सर्वांत उपयोगी काम आहे. माशाने हसवलं, यांनी मोजलं. पण याच निबंधाच्या दर्शनी भागात एक वाक्य होतं, की यामुळे सुमारे ४०,००० एफएमआरआय अभ्यासांच्या वैधतेवर प्रश्नचिन्ह उभं राहतं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. आता हा आकडा आला कुठून? तो जवळजवळ सगळ्या एफएमआरआय साहित्याचा आकडा होता. पुंजके न वापरणारे त्यात, कडक उंबरठा लावणारे त्यात, आणि मुळात दुरुस्तीच न करणारेही त्यातच. फुगलेल्या दाव्यांवरचा निबंध, आणि त्याचाच दावा फुगलेला! लेखकांनी नंतर ते वाक्य अधिकृतपणे दुरुस्त करून घेतलं, आणि त्यांच्यापैकी निकोल्स यांनी नव्याने केलेला अंदाज साडेतीन हजारांच्या आसपासचा होता. पण दुरुस्तीला मथळा मिळत नाही. आजही कुणी ना कुणी ‘४० हजार निबंध खोटे’ असं ठोकून देतोच.

आता जोडणीकडे येऊ. इथे पेन्सिल हातात घ्या.

समजा, एकाच व्हॉक्सेलबद्दल तीन स्वतंत्र प्रयोग झाले आहेत. पहिल्या प्रसंगात तिन्ही प्रयोगांची पी-व्हॅल्यू आली ०.०८. म्हणजे तिन्ही ठिकाणी थोडा कल आहे, पण एकही ०.०५ च्या आत नाही. दुसऱ्या प्रसंगात एका प्रयोगाची आली ०.००१, आणि उरलेल्या दोघांची ०.५, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. कोणत्या प्रसंगात पुरावा जास्त?

चार जुने जाणकार बोलावू. पहिला रोनाल्ड फिशर, १९३२. त्याची रीत अशी की तिन्ही पी-व्हॅल्यूंचा गुणाकार करायचा आणि तो योगायोगाच्या मानाने किती लहान आहे ते पाहायचं. फिशर म्हणतो, पहिल्या प्रसंगात ०.०१९, दुसऱ्यात ०.०११. म्हणजे दुसरा थोडा बलवान. दुसरा जाणकार स्टाउफर. युद्धकाळात अमेरिकी सैनिकांवर जे प्रचंड समाजशास्त्रीय काम झालं, त्यातल्या एका तळटीपेतली ही पद्धत. तो पी-व्हॅल्यूंचे झेड गुण करतो आणि बेरीज घेतो. स्टाउफर म्हणतो, पहिल्यात ०.००७, दुसऱ्यात ०.०३७. पहिला बराच बलवान! तिसरा टिपेट, १९३१. तो फक्त सगळ्यात लहान पी-व्हॅल्यू बघतो. पहिल्यात ०.२२, दुसऱ्यात ०.००३. चौथा जाणकार सगळ्यात संशयी. तो फक्त सगळ्यात मोठी पी-व्हॅल्यू बघतो: पहिल्यात ०.०८, दुसऱ्यात ०.५, आणि दोन्हींना नकार देतो.

तेच आकडे, चार उत्तरं. यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. चौघांनी वेगवेगळे प्रश्न ऐकले. टिपेटला ऐकू आलं, ‘किमान एका ठिकाणी काही आहे का?’ स्टाउफरला ऐकू आलं, ‘एकंदरीत कल एका बाजूला आहे का?’ फिशर या दोघांच्या मध्ये कुठेतरी. आणि चौथ्याला ऐकू आलं, ‘तिन्ही ठिकाणी आहे का?’ कोणती रीत चांगली, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा आम्ही उलट विचारतो, की निष्कर्षाचं वाक्य आधी लिही. त्यात ‘किंवा’ आहे की ‘आणि’? सगळं त्या अव्ययावर ठरतं.

हा ‘किंवा’ आणि ‘आणि’चा भेद संख्याशास्त्रात पद्धतशीर मांडणाऱ्यांत कोलकात्याचे समरेंद्रनाथ रॉय अग्रणी आहेत. भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या, महालनोबिसांच्या, परंपरेतला हा माणूस पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि १९५३ साली त्याने युनियन-इंटरसेक्शन तत्त्व मांडलं. म्हणजे काय, तर मोठं शून्य गृहीतक अनेक लहान गृहीतकांचा छेद मानायचं. त्यातलं एक जरी मोडलं तरी मोठं मोडलं. याच्या उलट बाजूला इंटरसेक्शन-युनियन: सगळी मोडली तरच मोठं मोडलं. मेंदूच्या नकाशांवरचे आजचे निबंध हीच नावं वापरतात, पण रॉय यांचं नाव आपल्याकडे संख्याशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच ऐकू येतं. असो.

आता खरी गंमत. १९९९ साली कार्ल फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी ‘कंजंक्शन’ नावाचं विश्लेषण मांडलं. कंजंक्शन म्हणजे ‘आणि’. मेंदूचा एखादा भाग शब्द वाचताना, ऐकताना आणि आठवताना, अशा तिन्ही वेळी कामाला लागतो का, हे या पद्धतीने शोधता येईल असं लोकांनी धरलं. रीत अशी की तिन्ही नकाशांतला प्रत्येक ठिकाणचा किमान आकडा घ्यायचा, आणि तिन्ही ठिकाणी काहीच नसतं तर तो किमान आकडा इतका मोठा आला असता का, ते पाहायचं. ऐकायला सरळ वाटतं. पण शून्य गृहीतक बघा: ‘तिन्ही ठिकाणी काहीच नाही’. ते मोडलं तर सिद्ध काय होतं? ‘किमान एका ठिकाणी काहीतरी आहे.’ बस्स, एवढंच. नाव ‘आणि’चं, काम ‘किंवा’चं.

हिशेबात याचा परिणाम काय होतो? तीन स्वतंत्र नकाशांत एका व्हॉक्सेलची पी-व्हॅल्यू प्रत्येकी ०.१ असेल, तर या रीतीने एकत्रित आकडा येतो ०.१ चा घन, म्हणजे ०.००१. एकेकटा कुणी ज्याला दारात उभं केलं नसतं असे तीन आकडे हातात हात घालून आले आणि थेट मानाच्या पंगतीत बसले. ०.०५ चा उंबरठा असेल तर प्रत्येकी ०.३६ सुद्धा पुरतं! ०.३६ म्हणजे काहीच नाही हो. आणि निबंधात वाक्य काय येणार? ‘हा भाग तिन्ही कामांत सक्रिय आढळला.’ बरं, यावर लाखभर व्हॉक्सेलांची अगदी चोख दुरुस्ती लावली तरी दोष जात नाही. चुकीच्या प्रश्नाचं उत्तर काटेकोरपणे दिलं, एवढंच होतं.

२००५ साली टॉम निकोल्स आणि सहकाऱ्यांनी यावर निबंध लिहिला आणि तो भेद साफ मांडला. ‘तिन्ही ठिकाणी’ म्हणायचं असेल तर किमान आकडा एकट्या नकाशाच्या नेहमीच्या उंबरठ्याच्या वर हवा; म्हणजे आपला चौथा, संशयी जाणकार. फ्रिस्टन यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं, की आमचं गणित बरोबर आहे, आम्ही ‘किमान एक’ तपासत होतो. शिवाय मधलाही पर्याय आहे, तीनपैकी ‘किमान दोन’ असंही विचारता येतं. गणित बरोबर होतं यात शंका नाही. आमचा निवाडा मात्र निकोल्स यांच्या बाजूने जातो. ज्या पद्धतीला ‘आणि’ असं नाव दिलं ती वाचक ‘आणि’ म्हणूनच वाचणार. औषधाच्या बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावायची आणि आतलं औषध शुद्ध आहे म्हणायचं, हा युक्तिवाद दवाखान्यात चालत नाही. एक गोष्ट मात्र फ्रिस्टन यांच्या पदरात टाकायला हवी. कडक ‘आणि’ची चाचणी फार दुबळी असते. लहान प्रयोगांत खरं असलेलंही ती टिपत नाही, आणि त्यांनी सुचवलेल्या मधल्या पर्यायाचा विचार आजही पुरेसा होत नाही.

मग जोडायचं कसं? आम्हाला सर्वांत समाधानकारक वाटतो तो फेरबदलाचा, पर्म्युटेशनचा मार्ग. कल्पना इतकी साधी आहे की शाळेत शिकवता येईल. दोन गट आहेत, रुग्ण आणि निरोगी. काहीच फरक नसेल तर कुणावर कोणतं लेबल आहे याला अर्थ उरत नाही. मग लेबलं पत्त्यांसारखी पिसा, संपूर्ण विश्लेषण पुन्हा करा, मेंदूभरातला सगळ्यात मोठा आकडा टिपून ठेवा. पुन्हा पिसा. असं पाच-दहा हजार वेळा केलं की योगायोगाचा जास्तीत जास्त आवाका कळतो, आणि तुमचा खरा आकडा त्याच्या पलीकडे आहे की नाही, एवढंच बघायचं. घंटेचा आकार वगैरे गृहीत धरावा लागत नाही. एकलुंड यांच्या तपासणीतही हीच रीत बहुतांशी टिकली. २०१६ मध्येच अँडरसन विंक्लर आणि सहकाऱ्यांनी हीच रीत जोडणीला लावून दाखवली. तीन प्रकारची मापनं असतील तर तिन्ही नकाशांत लेबलं एकाच वेळी, एकाच क्रमाने पिसायची, म्हणजे त्यांच्यातलं परस्परसाम्य आपोआप जपलं जातं. मग फिशर लावा, स्टाउफर लावा, टिपेट लावा. जोडणी आणि दुरुस्ती एकाच फेऱ्यात होतात. पण बघा, कोणाला लावायचं हे इथेही तुम्हालाच सांगावं लागतं. ‘किंवा’ की ‘आणि’, हे पत्ते पिसून कळत नाही.

परस्परसाम्याचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते २०२० साली नेचरमध्ये आलेल्या एका मोठ्या प्रयोगात दिसतं. तेल अवीवमध्ये १०८ माणसांना नफा-तोट्याच्या पैजा देऊन स्कॅन केलं. ती एकच माहिती ७० संघांना दिली आणि तीच ९ गृहीतकं तपासायला सांगितली. कोणत्याही दोन संघांची विश्लेषणाची वाट सारखी निघाली नाही. एका गृहीतकावर ८४ टक्के संघांनी होकार दिला. तीन गृहीतकांवर जेमतेम सहा टक्क्यांनी. उरलेल्या पाचांवर २१ ते ३७ टक्के होकार. म्हणजे त्या पाचांवर तुम्हाला कोणता संघ भेटतो यावर ‘वैज्ञानिक सत्य’ ठरणार. पण त्याच निबंधात पुढे असंही दिसतं, की उंबरठा लावण्याआधीचे नकाशे बऱ्याच संघांचे एकमेकांशी चांगले जुळत होते. भांडण मुख्यतः शेवटच्या पायरीवर होतं, हो की नाही म्हणायच्या. मग लेखकांनी सगळ्यांचे नकाशे जोडले. इथे कुणी डोळे मिटून फिशर लावला असता तर अनर्थ झाला असता, कारण ७० नकाशे म्हणजे ७० प्रयोग नव्हेत. एकच प्रयोग ७० आरशांत पाहिलेला. त्यांनी संघांमधलं साम्य हिशेबात धरून जोडणी केली, तेव्हा एकट्यादुकट्या संघांच्या निकालांवरून वाटलं होतं त्यापेक्षा बरीच सहमती दिसली. हे नकाशे खुले ठेवलेले आहेत. ज्यांना संगणकावर हात चालवता येतो त्यांनी जरूर उतरवून घ्यावेत.

संशोधनात ७० संघ असतात, चूक उशिरा का होईना सापडते. जिथे एकच तज्ज्ञ असतो आणि त्याच्या कागदावर निबंधाऐवजी निकाल अवलंबून असतो, तिथे काय? हे उदाहरण आपल्या घरचं आहे. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप दिली. पुराव्यांत एक होता बीईओएस चाचणीचा. ही एमआरआय नाही. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून विद्युत लहरी मोजतात. आरोपीला गुन्ह्याबद्दलची विधानं एकामागून एक ऐकवायची, आणि ही घटना या व्यक्तीने ‘अनुभवली’ आहे की नाही हे लहरींवरून सांगायचं, असा दावा. या बातमीने जगभरातल्या मेंदूतज्ज्ञांचे कान टवकारले. अशा पद्धतींच्या तपासणीसाठी नेमलेल्या, बेंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनेही त्या अवैज्ञानिक ठरवल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयातून आरोपींना जामीन मिळाला.

आजच्या चर्चेच्या कसोटीवर ही चाचणी घासून बघा. विधानं अनेक, इलेक्ट्रोड अनेक, लहरींच्या पट्ट्या अनेक, वेळेचे तुकडे अनेक. या सगळ्यांची जोडणी होऊन शेवटी हातात येतो एक शब्द: ‘अनुभव आहे’. ही जोडणी ‘किंवा’ची की ‘आणि’ची? दहा विधानांपैकी किमान एकाला मेंदूने प्रतिसाद दिला, की दहाही विधानांना? पहिलं असेल तर ते कुणाच्याही बाबतीत घडेल. वर्तमानपत्र वाचलेल्या माणसाच्या, पोलिसांनी तीच घटना दहा वेळा विचारलेल्या माणसाच्या, नुसत्या घाबरलेल्या माणसाच्याही. दुसरं असेल तर प्रत्येक विधानाचा उंबरठा स्वतंत्रपणे ओलांडला गेल्याचा हिशेब न्यायाधीशांपुढे यायला हवा. उलटतपासणीत वकिलाने हाच एक प्रश्न विचारला तरी पुरे: या अहवालाचं शून्य गृहीतक कोणतं?

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. त्या निकालपत्रात या चाचण्यांच्या विश्वासार्हतेची चर्चा आहे, पण निर्णय उभा आहे तो राज्यघटनेच्या कलम २०(३) आणि २१ वर, म्हणजे संमतीच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या पायावर. संमती असेल तर चाचणी करता येते. तिचा निकाल आपल्याआप पुरावा ठरत नाही, पण त्यातून पुढे काही वस्तू किंवा माहिती सापडली तर ती पुराव्यात येऊ शकते. म्हणजे संमतीपत्रावर सही करणाऱ्या माणसासमोर आजही तो इलेक्ट्रोडचा टोप येऊ शकतो, आणि त्यातल्या जोडणीचं गणित कोणत्याही न्यायालयाने अजून कागदावर मागितलेलं नाही, निदान या निकालपत्राने तरी नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करा, मागच्या वेळी त्यांना वेळ पुरला नव्हता.